नोंद क्रमांक अकरा

या सदरातले अनुभव मी गेली चार-पाच वर्षं वाचतो आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतो. एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. वर्गात भुताखेतांचा विषय निघाला की मी फळ्यावर चार प्रश्न लिहायचो. वेळ किती? अंतर किती? पाहणारे किती? आणि पाहिलेलं लगेच लिहून ठेवलं का? या चारांची उत्तरं असतील तर बोला, नाहीतर घरी जाऊन जेवा. बहुतेक भुतं दुसऱ्या प्रश्नालाच पळून जायची.

आज जे सांगतोय त्यात चारही प्रश्नांची उत्तरं आहेत. त्रास नेमका तोच आहे.

मी शहात्तर वर्षांचा आहे. वर्ध्याला बोरगाव मेघेत राहतो. अनुभव गेल्या जानेवारीतला, आपल्याच जिल्ह्यातला. पण तो कळायचा तर आधी पस्तीस वर्षं मागे, कोकणात जावं लागेल. आणि तिथे मी काय केलं ते सांगावं लागेल. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. ती जाऊन सहा वर्षं झाली. आणि ज्यांचा ते ऐकण्याचा पहिला हक्क होता, त्या नालवाडीच्या कुसुमताईंना तर नाहीच नाही.

तेव्हा मला एका संस्थेचा प्रकल्प मिळाला होता. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर डॉल्फिन आणि पॉरपॉइज किती आहेत ते मोजायचं. पॉरपॉइज म्हणजे डॉल्फिनचा ठेंगणा भाऊबंद. त्यातल्या आपल्याकडच्या जातीला पाठीवर तो त्रिकोणी पर नसतो. पाण्यावर येतो तेव्हा गोल, काळपट, गुळगुळीत असं काहीतरी क्षणभर दिसतं, फुस्स करून श्वास सोडल्याचा आवाज येतो, आणि संपलं. पुन्हा कुठे वर येईल सांगता येत नाही.

वर्ध्याचा माणूस समुद्रातले प्राणी मोजणार म्हटल्यावर कॉलेजात महिनाभर चेष्टा चालली. "सर, पवनारच्या नदीत दिसला काय एखादा?" वगैरे. मी सोबत मिलिंदला नेलं. मिलिंद आमच्या प्रयोगशाळेत सहायक होता, सत्तावीस वर्षांचा. नालवाडीला आई आणि धाकटी बहीण कुसुम. वडील आधीच वारलेले. त्याच्या हाताला एक नेमकेपणा होता. बेडकाचं विच्छेदन माझ्यापेक्षा तो चांगलं करायचा, आणि तसं मला सांगायलाही कमी करायचा नाही. निघायच्या दिवशी त्याची आई स्टेशनवर आली होती. म्हणाली, "साहेब, माह्या पोराले पाण्यावर एकटा नोका सोडू." मिलिंद हसत म्हणाला, "माय, मी धाम नदीमधी पोहलेला माणूस आहो. समुद्र म्हंजे काय, मोठी धामच!"

आईला मी म्हणालो, "काळजी करू नका." पुढची पस्तीस वर्षं हे तीन शब्द माझ्या पाठीवर आहेत.

आता मोजायची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. समुद्राच्या नकाशावर आधी सरळ रेघा आखायच्या. मग बोट त्या रेघेवरून एकाच वेगाने न्यायची. प्राणी दिसला की वेळ, दिशा, अंतर, जात, संख्या लिहायची आणि पुढे जायचं. वळायचं नाही. जवळ जाऊन बघण्याचा मोह झाला, बोट रेघेवरून हलली, की त्या रेघेची सगळी मोजणी बाद. म्हणून आमच्याकडे एकच वाक्य दिवसातून दहादा व्हायचं — लाईन सोडायची नाही. आमचा बोटवाला भिकाजी तांडेल, पन्नाशीचा, समुद्रात जन्म काढलेला. त्याला हा वेडेपणा वाटायचा. "सायबानू, मासो थंय आणि आमी हंय. ह्या कसला मोजणा?" असं म्हणून तो मान हलवायचा. पण बोट सरळ ठेवायचा.

आमचं दुसरं काम पाण्याखालचा आवाज ऐकण्याचं. त्यासाठी हायड्रोफोन होता, म्हणजे पाण्यात सोडायचा माइक. इंजिनाच्या बोटीतून तो ऐकता येत नाही, इंजिनच ऐकू येतं. म्हणून एक छोटी वल्ह्याची होडी खाडीच्या तोंडाशी थांबायची आणि आम्ही इंजिनची बोट घेऊन लांब रेघेवर. होडीत मिलिंद आणि गावातला एक कोळी असे दोघं असायचे. पहिल्यांदा हेडफोन लावल्यावर मिलिंद कितीतरी वेळ डोळे मिटून बसला होता. मग म्हणाला, "सर, चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या पेटल्या का जशा तडतडतात ना, तसं वाजून राह्यलं खाली. आन् मधातच कोणी शिटी मारते." इतकं नेमकं वर्णन मी नंतर कुठे वाचलेलं नाही.

मे महिन्याचा शेवट होता. वारा फिरायला लागला होता, एक-दोन दिवसांत बोटी वर ओढणार होत्या. शेवटची एक रेघ राहिली होती. त्या सकाळी तो कोळी तापाने पडला. मिलिंद म्हणाला, "सर, मी एकटाच जातो, त्यात काय?" मी त्याच्या आईला दिलेला शब्द मला आठवला. आठवला, हे मी मुद्दाम लिहितोय. विसरलो असतो तर थोडं तरी बरं झालं असतं. मी म्हणालो, "जा. खाडीच्या तोंडाच्या बाहेर जाऊ नकोस."

दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी भिकाजीने हात डोळ्यांवर धरला.

"सायबानू, थंय कायतरी हा. हातासारख्या दिसता."

मी दुर्बीण लावली. उजवीकडे, साधारण चाळीस अंशांवर, तीनशे मीटर. लाटांमध्ये गोल, काळपट, गुळगुळीत असं काहीतरी वर आलं. खाली गेलं. पुन्हा आलं. पर नाही. माझ्या छातीत धडधडलं — आनंदाने. या पूर्ण मोसमात पर नसलेला पॉरपॉइज असा सलग वर येताना आम्हाला दिसला नव्हता.

"जावया काय?" भिकाजीने विचारलं. त्याचा हात सुकाणूवर होता.

मी म्हणालो, "लाईन सोडायची नाही."

"सायबानू, माका वाटता—"

"भिकाजी, सांगितलं ना. दीड किलोमीटर राहिलंय फक्त."

तिसऱ्यांदा ते वर आलं. मग नाही आलं. मी शीटवर लिहिलं. नोंद क्रमांक ११. वेळ १०.४२. उजवीकडे ४०. अंतर ३००. बिनपराचा पॉरपॉइज. संख्या एक. शेरा: तीन वेळा वर आला, मग बुडी.

दुपारी होडी उलटी सापडली. तिच्या दोरीला हायड्रोफोनची वायर तशीच गुंडाळलेली होती. ओहोटीच्या ओढीने होडी खाडीबाहेर गेली असणार, लाटेने कलंडली असणार. चार दिवस आठ बोटींनी शोधलं. समुद्राने मिलिंदला परत दिलं नाही.

पहिल्या संध्याकाळी भिकाजी माझ्याशेजारी वाळूत येऊन बसला. मग म्हणाला, "सायबानू... तो हातच होतो."

मला ते दुपारी होडी दिसल्याबरोबरच कळलं होतं. ओलं काळं डोकं. गोल, गुळगुळीत. तीनशे मीटर म्हणजे आमच्या बोटीला दोन मिनिटं.

मी त्याला म्हणालो, "तुम्ही काही पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं. नंतर जबाब झाला तेव्हा मी सही केली — 'आम्हांस समुद्रात काही आढळून आले नाही.' भिकाजीने खाली अंगठा दिला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही, आणि काही वर्षांनी वारला असं कळलं.

शीट मी फाडायला हवी होती, किंवा पोलिसांना द्यायला हवी होती. मी दोन्ही केलं नाही. बाकी शीटांबरोबर ती संस्थेकडे पाठवून दिली. का, तर पान कमी भरलं असतं, प्रश्न आला असता. अहवाल छापून आला. त्यात नोंद क्रमांक अकरा आहे. 'सलग तीन वेळा पृष्ठभागावर आलेला एकमेव प्राणी' म्हणून तिचा वेगळा उल्लेख आहे. पुढे इतरांच्या लेखांत तो संदर्भ येत राहिला. परिषदांमध्ये लोक मला त्याबद्दल विचारायचे, आणि मी सांगायचो. उभा राहून, खडू घेऊन सांगायचो. माझ्याकडे त्या शीटची कार्बन प्रत होती. ती मी बंबात जाळली.

वर्ध्याला परतल्यावर मिलिंदच्या आईकडे गेलो. तिने एकच विचारलं, "कोणी पाह्यलं काय त्याले, साहेब?" मी म्हणालो, "नाही, माय. कुणीच नाही पाहिलं."

नंतर जेव्हा जेव्हा रस्त्यात भेटायची, ती हेच विचारायची. मी नालवाडीचा रस्ता टाळायला लागलो. स्टेशनला जायचं तरी लांबून फिरून जायचो. दहा-एक वर्षांपूर्वी ती गेली. कुसुम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली, आता रिटायर झाली आहे. मी तिला इतक्या वर्षांपासून ओळखतो, पण 'कुसुमताई, तुम्ही' असंच म्हणतो. तिला अगं-तुगं करण्याइतकी जवळीक आपल्याला शोभत नाही, असं वाटत आलं.

आता गेल्या जानेवारीवर येतो.

आमच्याकडे दरवर्षी हिवाळ्यात पाणपक्ष्यांची गणना होते. हौशी लोकांचा गट आहे, सगळे मला 'सर' म्हणून मान देतात. यंदा माझ्या वाट्याला खरांगण्याच्या पुढचं धाम नदीवरचं धरण आलं. महाकाळीचं. तिथे पोचल्यावर कळलं की माझ्यासोबत लिहायला कुसुमताई आहेत. पिशवीत पाण्याची बाटली, डब्यात तीळपोळ्या, गळ्यात शीटचा पुठ्ठा.

"सर, ओळखलं का नाई?"

"ओळखलं की. तुम्ही कधीपासून पक्षी मोजता?"

"दोन वर्षं झाले. रिटायर झाल्यावर काय करू? म्हटलं, आमचा भाऊ असंच काई मोजत होता... पाहू तरी, का असते त्यात."

मी डोंग्याकडे चालायला लागलो.

डोंगा गजाननचा होता. गजानन तिथला मासेमारी करणारा, चाळिशीचा, तोंडात सारखा तंबाखू-सुपारीचा खर्रा. मी सवयीने विचारलं, "पाण्यात धोक्याचं काही?" तो म्हणाला, "या धरणात मगर बी नाई अन् भूत बी नाई, साहेब. ठेकेदार हाय फक्त." कुसुमताई मोकळ्या हसल्या. त्यांचं हसणं थेट मिलिंदसारखं आहे, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी दुर्बिणीच्या काचा पुसत बसलो.

सकाळचं धुकं विरलं होतं. ऊन चांगलं होतं, वारा अजिबात नव्हता, पाणी ताटासारखं. मी सांगत होतो, त्या लिहीत होत्या. चक्रवाक इतके, थापट्या इतके, तलवार बदक. मध्येच म्हणाल्या, "सर, हे वारकरी नावाचं पाखरू काळं काऊन असते? वारकरी तर पांढऱ्यात राह्यते." मी म्हणालो, "कपाळावर पांढरा टिळा असतो ना त्याच्या." "हां, मंग ठीक हाय," असं त्या म्हणाल्या, जणू माझ्यावर उपकार करत.

आणि मला मागून तो आवाज आला. फुस्स.

ज्याने तो एकदा ऐकलाय त्याला तो दुसऱ्या कशाचा वाटत नाही. बैल तसा श्वास सोडत नाही, पाणकावळा नाही, पंपही नाही. पाठोपाठ वास आला. माशाचा, तेलकट, उबदार. धरणाच्या पाण्याला शेवाळाचा वास असतो. हा वास खाऱ्या पाण्यातल्या जनावराच्या श्वासाचा होता.

मी वळलो. उजवीकडे. दुर्बीण लावण्याआधीच मला माहीत होतं काय दिसणार. गोल, काळपट, गुळगुळीत. पर नाही. सपाट पाण्यावर ते वर आलं आणि खाली गेलं, आणि त्याच्या वलयांनी चक्रवाकांचा सगळा थवा उडाला.

"सर," कुसुमताई म्हणाल्या. "तिकडं पाहा. कोणी हात दाखवून राह्यलं."

माझ्या तोंडातून शब्द आले. मी ते ठरवून बोललो नाही, ते आले. "लाईन सोडायची नाही."

"का म्हटलं?" त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "सर, माणूस हाय तिथं! बुडून राह्यला तो! तुमी काऊन बसून हा असे?"

इथे वाचकांनी एक लक्षात घ्यावं. होडी उलटली, मिलिंद सापडला नाही, एवढंच त्यांच्या घरी माहीत होतं. हाताबद्दल जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, त्यातला एक मेलेला आणि दुसरा मी.

मी ओरडलो, "गजानन, तिकडे घे! सोड सगळं, तिकडे घे!" गजाननला काहीच दिसलेलं नव्हतं. त्याचं म्हणणं, फक्त पाखरं उडाली अन् पाणी हाललं. पण बुडण्याचं नाव ऐकल्यावर त्याने वल्ही अशी मारली की डोंगा कलंडतो की काय असं झालं. पाणी उडून आम्ही सगळे भिजलो. शीट भिजली, दुर्बीण भिजली. आम्ही जात असताना ते दुसऱ्यांदा वर आलं. तिसऱ्यांदाही आलं. डोंगा अगदी जवळ होता, मी हात पुढे केला होता.

तिथे काही नव्हतं.

गजाननने बांबूने तळ चाचपला. किनाऱ्यावरच्या लोकांना हाका मारल्या, चार डोंगे आले, जाळी टाकली. त्यांनी आपली माणसं मोजली, सगळी होती. दुपारपर्यंत शोधलं. कुणी हरवल्याची तक्रार त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. गजानन शेवटी म्हणाला, "मॅडम, उनामुळं दिसते कधी कधी असं." कुसुमताई पुठ्ठ्यावरची शीट उन्हात धरून वाळवत होत्या.

मग त्यांनी बोटाने कागदावरून काहीतरी टिपलं आणि जिभेला लावलं.

"सर, हे खारट लागून राह्यलं."

कागदावर जिथे जिथे पाणी उडालं होतं, तिथे वाळल्यावर पांढरे कण राहिले होते. मी चाखलं. मीठ. मी लगेच वाकून धरणाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि प्यालो. गोडं पाणी. आपण सगळे पितो तेच.

दोन दिवसांनी दुर्बिणीत धूसर दिसायला लागलं म्हणून मी ती बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने काच उघडली, भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "काका, गोव्याले गेलते काय?"

"नाही. का?"

"मंग याच्यात मीठ कुठून आलं? स्क्रूले गंज धरून राह्यला. समुद्रावर नेलेल्या कॅमेऱ्याले होते असं. घरी भाजीत तर नाई टाकली दुर्बीण?"

मी ती तशीच परत घेतली. शीटचा एक कोरा कोपरा मी कापून ठेवला होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मिलिंद जिथे बसायचा त्याच ओट्यावर, मी तो थेंबभर शुद्ध पाण्यात भिजवला आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं. दह्यासारखा पांढरा साका बसला, म्हणजे मीठच. धरणाच्या पाण्यात तेच घातलं तर जेमतेम गढूळपणा आला. घामाने असं होईल का? एका बोटाच्या घामाने थोडं होईल. इतकं होणार नाही. मला तरी नाही वाटत.

त्यानंतर मी नालवाडीला गेलो. सरळ रस्त्याने.

कुसुमताईंनी चहा ठेवला. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली आईचा, आणि तिच्या बाजूला मिलिंदचा. कॉलेजच्या गॅदरिंगमधला, कापलेला. कापलेल्या कडेला एका माणसाचा खांदा राहिलाय. तो खांदा माझा आहे.

मी सगळं सांगितलं. वर लिहिलंय तेवढंच, त्याच क्रमाने. चहा उतू गेला, तरी कुसुमताई उठल्या नाहीत. गॅस मी बंद केला.

मग त्यांनी विचारलं, "म्हंजे तो तुमाले हात दाखवून राह्यला होता?"

"हो."

"किती खेपा?"

"तीन."

"अन् तुमी ते लिवलं."

"लिहिलं."

"टाईम बी लिवला?"

"दहा बेचाळीस."

त्या फोटोकडे पाहत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात बोलल्या, त्या रागावल्या असत्या तर मला ते सोपं गेलं असतं. "सर, माय मरेपर्यंत एकच विचारत होती. कोणी पाह्यलं काय त्याले. तिले वाटे, पोरगा एकटाच गेला, पाहणारं बी कोणी नव्हतं. शेवटी शेवटी तर तेच बडबडे. अन् तुमी पाह्यलं होतं. तुमी तर दुर्बीण लावून पाह्यलं होतं... तेवढं बी सांगता नाई आलं? वाचवलं नाई ते नाई. पाह्यलं म्हणून तरी सांगायचं होतं."

मी फोटोतल्या त्या कापलेल्या खांद्याकडे पाहत होतो.

मी उठलो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "त्या तुमच्या पुस्तकातून माह्या भावाले काढा. जनावर म्हणून नाई राहू देत मी त्याले."

मी संस्थेला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, सहीनिशी. उत्तर आलं, सभ्य भाषेत. इतक्या जुन्या अहवालातली नोंद मूळ शीट पाहिल्याशिवाय बदलता येत नाही. मूळ शीटा वाळवी लागल्यामुळे पूर्वीच निकालात काढल्या आहेत. माझ्याकडे प्रत असल्यास पाठवावी. शेवटी 'आपल्या प्रकृतीची काळजी घ्यावी' असं होतं. त्यांना म्हातारपणाचा परिणाम वाटला असणार. ज्या ठाण्यात जबाब दिला होता तिथेही लिहिलं. तिथून काही आलेलं नाही.

मार्चमध्ये पक्षी-गटाच्या संयोजकाचा फोन आला. चांगला, मेहनती माणूस आहे. म्हणाला, "सर, धरणाच्या शीटवर कुसुमताईंनी एक भलतीच एंट्री केली होती. पाण्याने अक्षर फुटलंय, पण वाचता येतं. दहा बेचाळीस, उजवीकडे, माणूस, एक, हात दाखवत होता. पक्ष्यांच्या यादीत माणूस कसा घालायचा? मी काढून टाकली. चालेल ना?"

तोवर मला माहीत नव्हतं की त्यांनी हे लिहून ठेवलंय. वेळ त्यांनी घड्याळात पाहून टाकली होती. तेव्हा त्यांना दहा बेचाळीसचा अर्थ ठाऊक नव्हता.

मी त्याला म्हणालो, "ती शीट मला द्याल?"

"अरे... ती फेकली हो सर. डेटा तर चढवला ना सगळा."

कुसुमताई आता फोन उचलत नाहीत. त्यांनी का उचलावा?

मी रोज सकाळी त्या चार प्रश्नांशी बसतो. पाहणारे दोन, आणि दोघांना वेगळं दिसलं. मला जनावर, कुसुमताईंना माणूस. या खेपेलाही मला जनावरच दिसलं, हे माझ्याच्याने सोसत नाही. गोड्या पाण्याच्या धरणात, समुद्रापासून इतक्या लांब, तो श्वास कुणाचा? मीठ कुठून आलं? मिलिंदला मला काही सांगायचं असेल असं म्हणण्याचा मोह होतो, पण सांगायचं असतं तर ते तेव्हाच सांगत होता, तीनदा, आणि मी लिहून घेतलं. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर मला नको आहे.

तिकडच्या अहवालात तो प्राणी म्हणून आहे. इकडच्या यादीत पक्षी नाही म्हणून नाही. माणूस म्हणून त्याची नोंद कुठेच उरलेली नाही. म्हणून ती इथे करतो. संपादकांना विनंती, एक अक्षर बदलू नये.

वेळ सकाळी दहा बेचाळीस. दिशा उजवीकडे, चाळीस अंश. अंतर तीनशे मीटर. जात माणूस. संख्या एक. नाव मिलिंद, राहणार नालवाडी, वर्धा. तीन वेळा वर आला. हात दाखवत होता. पाहणारा — मी.